दोघेही प्यायले नव्हते

एकच काम दोन माणसांनी मिळून केलं. एक सभ्य, गावात मान असलेला, तुमच्या ओळखीचा. दुसरा शिवराळ, नावावर जुने गुन्हे असलेला. त्या कामापायी एक तरुण मेला. सांगा, दोघांपैकी 'मुद्दाम' कोणी केलं?

उत्तराची घाई करू नका. मी केली होती. तेव्हा अंगावर वर्दी होती, म्हणून माझी घाई सरकारी कागदावर उतरली आणि तिला जावक क्रमांक मिळाला. निवृत्त होऊन आता बरीच वर्षं झाली. अनेक गुन्ह्यांची नावं, तारखा, गाड्यांचे नंबर पुसले गेले. ही एक घटना पुसली जात नाही. ऑक्टोबरात द्राक्षाच्या काड्यांवर लाल ठिपके दिसले की मी गाडीची काच वर करून घेतो.

मी तेव्हा नाशिक जिल्ह्याच्या द्राक्षपट्ट्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी निरीक्षक होतो. ज्यांनी बागेचं काम पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. ऑक्टोबरात बागेची छाटणी होते. छाटलेल्या काडीवरचे सगळे डोळे एकदम फुटावेत म्हणून त्यांना एक औषध लावतात. त्याला सगळेच 'पेस्ट' म्हणतात. कोणत्या डोळ्याला लावलं आणि कोणता राहिला हे कळावं म्हणून त्यात लाल रंग मिसळतात. बादलीत फडकं बुडवायचं आणि एकेक डोळा पुसत पुढे जायचं. हातात मोजे घालायचे असतात, पण ऑक्टोबरच्या उन्हात ते कोणी घालत नाही. दिवस संपेपर्यंत मजुरांचे हात मनगटापर्यंत लाल झालेले असतात. हे मजूर येतात सुरगाणा-पेठच्या डोंगराकडून, टोळीने. टोळी आणतो तो मुकादम.

पेस्टच्या डब्यावर एक सूचना असते आणि ती बागेत सगळ्यांना ऐकून माहीत असते. पेस्ट लावली त्या दिवशी दारूला हात लावायचा नाही. अंगात मुरलेलं औषध आणि दारू एकत्र आले की चेहरा तापतो, छाती धडधडते, श्वास पुरत नाही. सगळ्यांना माहीत असतं आणि पाळत कोणी नाही, कारण आमच्या भागात दुसरा एक रिवाज आहे. बागेची पेस्ट संपली की मालकाने टोळीला खूश करायचं. कोणी मटण देतो, कोणी बाटल्यांचं खोकं.

त्या सकाळी ठाण्यात हजेरी चालू होती. गावच्या पोलीस पाटलाचा फोन आला.

"साहेब, अण्णांच्या बागेवरच्या टोळीतला एक जण गेला. सिव्हिलला नेताना वाटेतच संपला. बाकीचे ओकून ओकून शेडमध्ये पडल्यात."

"काय खाल्लं त्यांनी?"

"खाल्लं नाय, पिले. काल सांजच्याला मुकादमानं पाजली." मग त्याने आवाज खाली केला. "त्यो मुकादम लय बेकार माणूस हाय साहेब. मागं हातभट्टी चालवायचा. बघा, तुमच्या रेकॉर्डला आसंल."

होता रेकॉर्डला. दारूबंदीचे दोन गुन्हे, मारामारीचा एक. शेडवर जाण्याआधी मी ते रजिस्टर उघडून पाहिलं. खरं सांगायचं तर तपास तिथेच संपला. पुढे जे केलं ते फक्त लिखाण होतं.

शेडवर पोहोचलो तेव्हा मुकादम चुलीपाशी बसून पातेल्यात पाणी उकळत होता. मेलेला तरुण त्याच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा, हे मला वाटेतच कळलं होतं. मी मनात म्हटलं, भाचा शवागारात आणि हा इथे चहा टाकतोय. पातेल्यात लिंबं होती, आजारी पडलेल्यांसाठी. ती मला दिसली. पंचनाम्यात मी त्यांची नोंदही केली. पण त्यांचा अर्थ मी लावला नाही.

बागेचे मालक, म्हणजे अण्णा, माझ्या ओळखीचे होते. आमच्या ठाण्याच्या शांतता समितीचे ते सदस्य. गणपतीच्या आधीच्या बैठकीत त्यांची खुर्ची ठरलेली असे. ठाण्याच्या व्हरांड्यातला थंड पाण्याचा कूलर त्यांनीच दिलेला. त्यांचा जबाब मी त्यांच्या बंगल्याच्या ओट्यावर बसून घेतला. समोर चहा होता.

"खोकं मीच पाठवलं साहेब," ते म्हणाले. "खोटं कशाला बोलू? दरसाल देतो. मुकादम विचारायला आला होता, आज वाटू की उद्या. म्हटलं आजच वाट. उद्या ते दुसऱ्या बागेवर जाणार."

"पेस्टचं तुम्हाला माहीत होतं?"

"माहीत होतं हो. मीच मुकादमाला सांगितलेलं, कधीतरी मागे. पण इतक्या वर्षांत कधी काही झालं नाही. त्या वेळी डोक्यातच आलं नाही."

"तुम्ही स्वतः घेतली होती का?"

"मी?" त्यांनी गळ्यातली तुळशीची माळ दाखवली. "आयुष्यात शिवलो नाही साहेब." त्यांचे डोळे भरून आले. "कोणाचं तरी लेकरू गेलं. फार वाईट झालं."

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "अण्णा, तुमचा काय दोष?" असं मी म्हणालो. हे वाक्य कुठल्याच कागदावर नाही. पण सगळे कागद त्याच वाक्यावर उभे राहिले.

दुपारी मुकादमाला ठाण्यात आणलं. तो फरशीवर बसला. जबाब लिहायला आमच्या रायटर मॅडम होत्या. त्या इगतपुरीच्या, नोकरीत मुरलेल्या, अक्षर मोत्यासारखं आणि जीभ सरळ.

"डब्यावर काय लिहिलंय ते माहीत होतं का?" मी विचारलं.

"वाचता नाय येत साहेब. पन आयकून माहीत व्हतं."

"काय माहीत होतं?"

"का पेस्टवर दारू घेऊ नाय."

"मग का पाजलीस?"

"दरसाल देतो. दिसभर हात आग करत्यात, डोळं जळत्यात. थोडी घेतली का मानूस झोपतो. मालकानं धाडली, मी वाटली."

"म्हणजे माहीत असून पाजलीस."

"तंबाखूच्या पुडीवर बी लिव्हलेलं आसतंय साहेब. तुमच्या खिशात बी हाय पुडी."

मॅडमना हसू आवरेना. त्यांनी मान खाली घातली. मी टेबलावर हात आपटला.

टोळीतल्या लोकांकडून तोवर आणखी एक गोष्ट कळली होती. दोन दिवसांपूर्वी मामा-भाच्याचं जोरात भांडण झालं होतं. भाच्याला टोळी सोडून नाशिकला द्वारका चौकाजवळच्या एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात हमालीला जायचं होतं. मामा सगळ्यांसमोर ओरडला होता, "जा, मर तिकडं!" मी ते शब्द जसेच्या तसे लिहून घेतले. घराघरात रोज दहा वेळा म्हटले जाणारे शब्द. माझ्या आईनेही मला म्हटलेले. कागदावर ते हेतू झाले.

पण मला खरी पकड मिळाली ती टोळीतल्या एका बाईच्या जबाबात. मी सहज विचारलं, मुकादम किती प्यायला होता?

"त्यानं नाय घेतली," ती म्हणाली. "त्यो लिंबाचं पानी पीत बसलेला."

मी खुर्चीतून उठलो. ज्याने आयुष्यभर दारू गाळली, विकली, ढोसली, तो नेमका त्या संध्याकाळी लिंबूपाणी पितो? सगळ्यांना पाजतो आणि स्वतः कोरडा राहतो? याचा अर्थ त्याला पुरतं ठाऊक होतं की हे विष होणार आहे. तपासात अशी एक घटका येते की सगळे तुकडे जागच्या जागी बसतात आणि अंगावर काटा येतो. तो काटा मला आला. त्या काट्यावर माझा आजन्म विश्वास होता.

मुकादमाला परत समोर घेतलं. "तू का नाही घेतलीस?"

"पोट बिघडलंय साहेब. कावीळ झाली व्हती. डाक्टरनं बंद केलीय, सात म्हयने झालं."

मी हसलो. बाकीचे कर्मचारीही हसले. "हातभट्टीवाल्याने दारू सोडली! लिहा मॅडम, बातमी आहे ही."

अटकेच्या वेळी अंगझडती घेतली. पंचनाम्यात लिहिलेलं आहे: बिडी बंडल एक, काडेपेटी एक, साधा मोबाइल एक, घडी घातलेला कागद एक. तो कागद मी हातात घेतला होता. घामाने मऊ पडलेला, चार घड्यांचा. तो पाकिटात टाकला, पाकिटाला लाख लावली आणि मुद्देमाल कारकुनाकडे दिला. उघडला नाही.

संध्याकाळी कागदपत्रं नीट लावताना रायटर मॅडम थांबल्या. "साहेब, एक विचारू?"

"विचारा."

"मुकादमाच्या कागदात 'जाणूनबुजून' घातलंय. तेच अण्णांच्या जबाबात घालू का?"

"का?"

"दोघांना माहीत होतं. दोघांनी स्वतः घेतली नाही. खोकं तर अण्णांचंच. मला फरक सापडेना, म्हणून विचारलं."

"अण्णा माळकरी आहेत, मॅडम. ते पीतच नाहीत."

"हो ना," त्या म्हणाल्या. "मुकादमही पीत नव्हता म्हणे."

"तुम्ही लिहायचं काम करा," मी म्हणालो. त्यांनी ते केलं. अण्णांच्या कागदावर 'लक्षात आले नाही' राहिलं. अण्णा सरकारी साक्षीदार झाले.

वाचकांना वाटेल, साहेबांनी कूलरची परतफेड केली. तसं असतं तर मला आज कमी वाईट वाटलं असतं. लाच घेणाऱ्याला आपण काय केलं ते कळत तरी असतं. मला अण्णांचा खरोखर निष्काळजीपणा दिसत होता आणि मुकादमाचा खरोखर कट दिसत होता. दोन्ही माझ्या डोळ्यांना दिसत होतं, समोरच्या भिंतीइतकं स्पष्ट.

जुन्या दंडविधानात हलगर्जीपणाने मृत्यू झाला तर तीनशे चार 'अ' लागायचं. त्यात ठाण्यातच जामीन होई. मी लावलं तीनशे चार, सदोष मनुष्यवध. त्यात माणूस थेट कोठडीत जातो, खटला सत्र न्यायालयात चालतो आणि दोष शाबीत झाला तर ऐन उमेदीची वर्षं आत जातात.

दुसऱ्या दिवशी मुकादमाची बहीण ठाण्यात आली. मृत मुलाची आई. एसटीने दोन गाड्या बदलून आलेली, पायात चप्पल नाही. जबाब झाल्यावर ती उठली, दारापर्यंत गेली आणि परत आली.

"साहेब, एकच सांगा. माझ्या भावानं मुद्दाम केलं का?"

ती रडत नव्हती. ती उत्तराची वाट बघत होती. तिचा उरलेला एकमेव माणूस तिचा राहणार की नाही ते त्या उत्तरावर ठरणार होतं, हे मला दिसत होतं. नवरा नाही, मुलगा गेलेला, राहिला तो भाऊ. मी म्हणू शकलो असतो, तपास चालू आहे. ठाण्यात रोज शंभर जणांना आम्ही तेच सांगतो.

मी म्हणालो, "हो बाई. मुद्दाम केलं."

रायटर मॅडमनी पेन खाली ठेवल्याचा आवाज मला अजून ऐकू येतो.

मुकादम वर्षभराहून जास्त काळ नाशिकरोडच्या तुरुंगात राहिला. जामिनाला कोणी उभं राहिलं नाही. राहिली असती ती फक्त बहीण. खटला उभा राहिला तेव्हा त्याच्या बाजूने मोफत विधी साहाय्यातून नेमलेली एक तरुण वकील होती. मी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा. तिने आधी मुद्देमालाचं ते पाकीट न्यायालयासमोर फोडायला लावलं. घडी घातलेला कागद उघडला गेला. डोंगरातल्या सरकारी दवाखान्याचा केसपेपर होता तो. कावीळ. खाली डॉक्टरच्या गिचमिड अक्षरात: दारू पूर्ण बंद. घटनेच्या सात महिने आधीची तारीख.

"हा कागद तुमच्या ताब्यात कधीपासून आहे?"

"अटकेपासून."

"वाचला कधी?"

"आत्ता."

न्यायालयात कुजबुज झाली. तिने ती थांबू दिली.

"साहेब, बागमालकांना धोका माहीत होता. आरोपीला माहीत होता. दारू मालकांनी पाठवली, आरोपीने वाटली. दोघेही प्यायले नव्हते. मालकांच्या न पिण्याला तुम्ही चारित्र्य म्हणालात आणि आरोपीच्या न पिण्याला पुरावा. फरक कोणता, सांगाल?"

मी अनेक साक्षी दिल्या होत्या. उलटतपासणीत अडकणारा अधिकारी मी नव्हतो. तरी माझ्या तोंडून जे खरं होतं तेच निघालं.

"आरोपीचं पूर्वचरित्र."

"आणखी काही?"

"नाही."

ती खाली बसली. मुकादम माझ्याकडे बघत होता. त्याचे डोळे पुन्हा पिवळे पडले होते.

तो सुटला. माझ्या कलमातून सुटला. आणि ज्या कलमात तो आणि अण्णा दोघेही शेजारी शेजारी उभे राहायला हवे होते, ते मी कोणालाच लावलेलं नव्हतं. म्हणजे एक तरुण मेला आणि त्याबद्दल कोणालाच काही झालं नाही. मुकादमाची चूक नव्हती असं मी म्हणत नाही. चूक होती. तितकीच अण्णांची होती. ती चूक होती एवढंच माझं म्हणणं आहे. मी एकाच्या चुकीला कट केलं आणि दुसऱ्याच्या चुकीला दुर्दैव.

निवृत्तीनंतर दोन वर्षांनी मी सुरगाण्याकडे गेलो. कोणी सांगितलं नव्हतं. रायटर मॅडमना फोन करून बहिणीचं गाव विचारलं. त्या फक्त म्हणाल्या, "उशीर केलात साहेब."

आधी मुकादमाला भेटायचं ठरवलं होतं. गावाच्या वेशीवरच कळलं की तो मागच्याच उन्हाळ्यात गेला. त्याच पोटाच्या दुखण्याने. मग बहिणीच्या दारात गेलो. ती नागलीचं पीठ चाळत होती. वर्दी नव्हती तरी तिने ओळखलं.

"बाई, मी चुकलो होतो. तुमच्या भावाने मुद्दाम केलं नव्हतं."

चाळण थांबली.

"कोर्टानं सोडला तवा त्यो आलता," ती म्हणाली. "हितंच उभा व्हता, तुमी उभं हाय तितं. म्हनला, मी नाय गं केलं. मी म्हनलं, साहेबांनी सोता सांगितलंय मला. साहेब कशाला खोटं बोलतील? आन दार लावलं." तिने पिठावरून हात फिरवला. "त्यो गेला तवा निरोप आलता. मी गेले नाय. मातीला बी गेले नाय." मग तिने वर बघितलं. "तुमी खोटं बोलला व्हता का साहेब?"

"नाही. मला तेव्हा तसंच दिसलं होतं."

"आन आता?"

ती उठून आत गेली. मला वाटलं, आता दार लागेल. ती तांब्या घेऊन बाहेर आली.

"पानी प्या. लांबनं आलाय."

मी दोन्ही हातांनी तांब्या घेतला.

नोकरीत असताना मी नव्या फौजदारांना शिकवायचो की आधी कृत्य बघा, मग हेतू शोधा. मी स्वतः उलटं केलं. आधी माणूस बघितला, त्याच्याविषयी मनात जी किळस होती तिलाच हेतू समजलो, आणि मग लिंबं, भांडण, न पिणं, सगळं त्या किळशीला पुरावा म्हणून जोडत गेलो. गळ्यातली माळ हा निर्दोषपणाचा पुरावा नाही. हातभट्टी चालवलेले हात हा खुनाचा पुरावा नाही. हे पहिल्या वर्षाच्या पोलिसाला कळतं आणि तिसाव्या वर्षाच्या अधिकाऱ्याला विसरता येतं, कारण आपली नजर मुरलेली आहे अशी त्याची खात्री पटलेली असते. तुमचीही पटलेली असेल. चाळीच्या नळावर, ग्रामसभेत, घरातल्या जेवणाच्या ताटावर तुम्ही रोज तीच कलमं लावता. आवडता मुलगा कप फोडतो तेव्हा कप 'पडतो'. नावडती सून फोडते तेव्हा ती 'आपटते'.

म्हणून एक मागणं आहे आणि ते आजच्या दिवसापुरतंच आहे. असा एक माणूस आठवा ज्याच्याविषयी तुम्ही कोणाला तरी सांगितलंत, 'त्याने मुद्दाम केलं.' तेच काम तुमच्या सगळ्यात लाडक्या माणसाने केलं असतं, तर तुम्ही कोणता शब्द वापरला असता ते मोठ्याने म्हणून बघा. शब्द बदलला, तर ज्याला तुम्ही ते सांगितलंत त्याच्याकडे जा आणि आपलं वाक्य परत घ्या. फोनवर नको, दारात जाऊन. ज्याच्याविषयी बोललात तो माणूस जिवंत असेपर्यंत जा.